आठ अंशांवरची टेकडी

त्याला यातून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे त्याच्याबद्दल कुणाला उगाच हळहळ वाटायला नको. नावाआधी डॉक्टर लागणार होतं. दूरच्या एका गावात कॉलेजात शिकवायची नोकरी मिळणार होती. ती जागा आठ महिने त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती आणि अलीकडे तिकडच्या प्राचार्यांच्या पत्रांतला 'प्रिय' गळून नुसतं 'महोदय' उरलं होतं. बहिणीच्या घरातली एक खोली त्याने सात वर्षं अडवली होती, ती सुटणार होती. भाची पहिलीत असल्यापासून दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपत होती आणि आता तेरा वर्षांची झाली होती, तरी सोफा तेवढाच होता. शिवाय 'आजोबा' हे नाव पुसलं जाणार होतं. विमान अभियांत्रिकी विभागात चौतिसाव्या वर्षी विद्यार्थी असणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? पहिल्या वर्षाची पोरं त्याला जिन्यात वाट करून द्यायची आणि मागे वळून हसायची. एकाने तर त्याच्या खुर्चीला काठी टेकवून ठेवली होती, वाढदिवसाची भेट म्हणून. त्याने ती काठी टाकली नाही. खिडकीची वरची कडी काढायला ती बरी पडत असे.

या सगळ्याच्या आणि त्याच्या मध्ये आडवं होतं फक्त एक पान. प्रबंध दोन परीक्षकांकडे गेला होता. एकाने तोंडभरून कौतुक केलं होतं, म्हणजे त्याने वाचला नसावा. दुसऱ्याने तीन महिने घेतले आणि शेवटी एकच ओळ लिहिली: 'शून्याचा तक्ता चालू वर्षाचा जोडावा, बाकी हरकत नाही.' सरांनी ते पत्र त्याच्यापुढे सरकवत म्हटलं होतं, "म्हातारा कुरकुरा आहे रे. जोडून टाक. अर्ध्या दिवसाचं काम." आणि ते खरंच अर्ध्या दिवसाचं काम होतं.

शून्याचं काम असं. विभागाच्या मागच्या लांबट शेडमध्ये वाऱ्याचा बोगदा होता. एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, आणि मध्ये काचेच्या भिंतींची एक अरुंद खोली. तिच्यात हातभर लांबीचा एक पंख एका दांड्यावर आडवा बसवलेला. दांड्याच्या तळाशी काटा. तो ग्रॅमपर्यंत वजन ओळखायचा. मोटर लावली की वारा पंखावरून जायचा, पंख वर उचलू बघायचा, आणि किती उचलू बघतोय ते काटा सांगायचा. पंख एकेक अंशाने कलवत न्यायचा आणि आकडे घेत जायचे. पण वारा नसला तरी पंखाला स्वतःचं वजन असतंच, आणि तो कलला की ते काट्यावर वेगळं पडतं. म्हणून आधी मोटर बंद ठेवून सगळ्या कोनांवर काट्याचे आकडे घ्यायचे, हे शून्य. नंतर वाऱ्यातल्या आकड्यांतून शून्य वजा केलं की उरतं ते फक्त वाऱ्याचं. नियम असा की शून्य दर वेळी नवीन घ्यावं. पण पंख तोच, दांडा तोच, काटा तोच. शून्य कशाला बदलेल? त्याच्याही आधी कुणीतरी एकदा नीट घेतलेलं शून्य होतं, फाइलचं नाव 'शून्य अंतिम', आणि नऊ वर्षं विभाग तेच वजा करत आला होता. तो दर सकाळी पंख आडवा ठेवून एका कोनावर पडताळून बघायचा, आकडा जुळायचा, आणि मन निश्चिंत व्हायचं. पाहुण्याने बाहेरच्या खोलीत बसून घर स्वच्छ आहे म्हणावं, त्यातलाच प्रकार.

आणि त्या शून्यातून जे उरत आलं होतं ते साधंसुधं नव्हतं. आलेखाची रेघ सरळ वर चढत जायची आणि आठ अंशांच्या आसपास एक लहानसा उंचवटा घ्यायची. तेवढ्या टप्प्यात पंख जेवढं उचलायला हवं त्यापेक्षा थोडं जास्त उचलायचा. का, ते कुणाला कळलं नव्हतं. विभागात तिला टेकडी म्हणत. टेकडीवर दोघे डॉक्टर झाले होते, सर टेकडीवरून विभागप्रमुखाच्या खुर्चीत उतरले होते, आणि परदेशच्या परिषदांत त्यांना टेकडीवाले म्हणूनच ओळखत. दुसऱ्या प्रयोगशाळांना टेकडी सापडत नव्हती. सर चष्मा पुसत म्हणायचे, "तुमचा वारा खरखरीत आहे." त्याच्या प्रबंधात टेकडीवर एकशे बारा पानं होती.

त्या दिवशी दुपारी दीड वाजता तो शेडमध्ये एकटा होता. बोगद्याचे काका डबा खायला गेले होते आणि मोटरच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला होती. शून्य घ्यायला मोटर लागतच नाही, म्हणून त्याने वाट बघितली नाही. संगणकापाशी बसला, डोक्यात भलतंच काही होतं, बहुतेक दूधवाल्याला द्यायचा निरोप, आणि बोटांनी सात वर्षांच्या सवयीने 'शून्य' ऐवजी 'मोजणी'चं बटण दाबलं. पंख एकेक अंश कलत गेला. शेडच्या पत्र्यावर कबुतरं नखं वाजवत फिरत होती. पडद्यावर ठिपके पडू लागले, आणि सवयीनेच तो त्यांच्याकडे समाधानाने बघत राहिला. ठिपके चपट्या रेघेवर, चपट्या रेघेवर, मग सात अंशांवर वर, आठवर आणखी वर, नऊवर किंचित खाली, दहाला पुन्हा चपटी रेघ. टेकडी. सुबक, गोलसर, पाठ असलेली. आली, असं तो मनात म्हणालासुद्धा. मग त्याला जाणवलं की शेड शांत आहे. मोटर सुरू असली की दातांत एक बारीक गुणगुण भरते, ती नव्हती. काचेपलीकडे पंख आठ अंश मागे टाकून सोळाला जाऊन थांबला होता, त्याच्यावरून काहीही वाहत नव्हतं, जाळीला अडकलेला कोळिष्टकाचा धागासुद्धा हलत नव्हता. वारा नव्हता आणि पंख उचलत होता.

भीती लगेच वाटली नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं ते ओशाळल्यासारखं, कुणाच्या घरी न सांगता गेल्यावर घरातली माणसं भलत्या अवस्थेत दिसावीत तसं. त्याने चटकन पडदा बंद केला. मग पुन्हा उघडला. टेकडी होतीच. मग त्याने जे करायचं होतं ते रीतसर केलं: बरोबर बटण दाबून या वर्षीचं शून्य घेतलं आणि जुन्याच्या शेजारी ठेवलं. सगळीकडे जुळलं. फक्त सात, आठ, नऊ या तीन कोनांवर जुन्या शून्यात पंख अडतीस, एकेचाळीस आणि चाळीस ग्रॅमने जड होता. नऊ वर्षांपूर्वी त्या तीन जागी पंखावर काहीतरी होतं. त्यानंतर 'मोजणी'चं बटण दर वेळी ते वजन आपोआप वजा करत आलं, आणि वजा केलेलं वजन म्हणजे पंखाने उचललेलं वजन. टेकडी एवढीच होती, एकेचाळीस ग्रॅमची. पण ग्रॅम कशाचे?

जुन्या नोंदी लोखंडी कपाटात होत्या. काटा एका सेकंदात हजार आकडे देतो, चाळीस सेकंद देतो. त्या सगळ्यांची सरासरी काढून तक्त्यात एकच आकडा जातो आणि कच्ची नोंद कपाटात. कच्ची नोंद कुणी उघडत नाही. त्याने आठ अंशांची उघडली आणि पडदाभर ताणली. सरळ रेघेच्या जागी लाट होती. आधी मोठी, संथ, चाळीस सेकंदांत दहा-अकरा वेळा फुगणारी आणि बसणारी. तिच्या अंगावर दुसरी, बारीक, टोकदार: एक उसळी, तिच्या मागोमाग एक लहान उसळी, मग विसावा, पुन्हा उसळी. तो पेन्सिलीच्या टोकाने मोजत गेला. सत्तेचाळीस. चाळीस सेकंदांत सत्तेचाळीस, म्हणजे मिनिटाला सत्तर. हिशेब झाला तेव्हा त्याची पेन्सिल पडद्यावर टेकलेली होती आणि दुसऱ्या हाताची बोटं कधी मनगटावर जाऊन बसली होती ते त्याला कळलं नव्हतं. मोठी लाट श्वासाची होती. पंखावर कुणाचा तरी हात होता. आणि मोजताना आणखी एक गोष्ट दिसली: मध्येच एके ठिकाणी उसळी यायला हवी होती तिथे आली नव्हती. जागा रिकामी होती, मग पुढची उसळी जरा मोठी, धावत आल्यासारखी. अशा चार जागा.

काका परत आले तेव्हा तो तसाच बसला होता. काका तीस वर्षं बोगद्यावर होते आणि त्यांचं वागणं असं की विमानं जगात नंतर आली, आधी त्यांची मोटर आली. "काय आजोबा, डबा खाल्ला नाही वाटतं? चेहरा असा का? सूनबाईंनी भांडण काढलं?"

"काका, हे शून्य कुणी घेतलं होतं? अंतिम म्हणून आहे ते."

"ते? ते आधीच्याने." विभागात त्या माणसाचा उल्लेख असाच व्हायचा, आधीचा. कुणाच्या आधीचा ते कुणी सांगत नसे. "मीच होतो बरोबर. तो आत, मी बटणावर."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. बोगद्यात. तेव्हा दांड्याचा नट ढिला होता, आठाच्या आसपास पंख थरथरायचा. आकडा ठरेना. तर तो म्हणाला, काका, मी आत जाऊन धरतो जरा, तुम्ही दाबा. धरलं, दाबलं. पुढे नट आवळला की." काकांनी डब्याचं झाकण रुमालाने पुसलं. "का रे? बिघडलं काही?"

त्याला हसू आलं. इतकी शिकलेली माणसं आणि इतकी साधी चूक. तराजूवर काय आहे ते बघताना तराजूला हात लावू नये हे भाजीवाल्यालाही कळतं. पण थरथरणारी वस्तू दिसली की तिला धरावंसं वाटतं, हेही खरं. "आता कुठे असतो तो?"

"कोण, आधीचा? गेला ना तो."

"कुठे?"

"अरे, गेला म्हणजे गेला. सुट्टीत घरी गेला तो तिकडेच. झोपेत. सत्ताविशीतला पोरगा. जिना चढला की मध्ये थांबायचा, भिंतीवरच्या सूचना वाचत उभा राहायचा. आम्ही हसायचो, म्हणायचो बघा, नियम वाचणारा एक तरी निघाला." काकांनी डबा पिशवीत घातला. "हृदयाचं होतं म्हणे. आधी काही कळलंच नाही कुणाला."

काट्याला कळलं होतं, असं त्याच्या मनात आलं, आणि मग दुपारभर दुसरं काही आलंच नाही. काट्याने चाळीस सेकंदांत चार वेळा सांगितलं होतं. नोंद त्याच दिवशी कुणी उघडून बघितली असती तर आधीचा डॉक्टरकडे गेला असता आणि टेकडीही जन्माला आली नसती. दोन्ही गोष्टी सरासरीत बुडाल्या. तो घरी चालत गेला. रस्त्यावर नेहमीचीच माणसं होती, दुकानांची अर्धी वर केलेली दारं, झाडाखाली स्कूटरचं इंजिन खोलून बसलेला मेकॅनिक, आणि प्रत्येकाचा हात कशावर तरी टेकलेला होता, हे त्याला आज दिसत होतं. कठड्यावर, हँडलवर, पोराच्या खांद्यावर. सगळं दाबलं जात होतं, थोडं थोडं, आणि कुणी धरत नव्हतं ते हिशेबात. त्याला सायकल शिकताना आठवलं. बहीण त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. मागून सीट धरून ती मैदानाला पूर्ण चार फेऱ्या पळाली होती. तो समजला होता तिने पहिल्याच फेरीत सोडलं. घरी येऊन त्याने आरोळी ठोकली, एकट्याने चालवली, आणि ती धापा टाकत दारात उभी राहून म्हणाली, हो, एकट्यानेच. ते त्याला कितीतरी वर्षांनी कळलं, तिच्या लग्नात, भावजींना सांगताना तिनेच हसत सांगितलं तेव्हा. आणि त्याला आनंद व्हायच्या ऐवजी ती चार फेऱ्यांची सायकल पोटातून कुणीतरी काढून नेल्यासारखं वाटलं होतं.

"मामा, झालं का पान?" भाचीने दारातच विचारलं. ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून, उभ्यानेच गणित करत होती. बसून लिहायला टेबल त्याच्या खोलीत होतं.

"होईल."

"होईल हे उत्तर नाही. तारीख सांग. मी पडद्याचा रंग ठरवून बसलेय."

"अगं, त्याला जरा श्वास तरी घेऊ दे," बहीण आतून म्हणाली, आणि मग बाहेर येऊन, पदराला हात पुसत, हळूच, "झालं ना रे पण? नाही म्हणजे, हिच्या बाबांनी त्यांच्या साहेबांना सांगून ठेवलंय, मेहुणा डॉक्टर झाला म्हणून."

"आधीच?"

"आधी काय आणि नंतर काय. सात वर्षांत काय नवीन व्हायचंय?" ती हसली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, नेहमी ठेवायची तसा, आणि तो एकदम पुढे झुकला, वजन पडल्यासारखा. "काय रे, दुखतंय का?" "नाही." पण तिचा हात उचलला गेल्यावरही पाठीवर त्याची जागा राहिली, गरम, पाच बोटांची. जेवतानाही होती. खोलीत भाचीच्या लहानपणचा एक उंची मोजायचा रंगीत पट्टा भिंतीवर तसाच होता, पहिलीत असतानाच्या खुणेवर थांबलेला; ती खोली त्याला मिळाली आणि खुणा थांबल्या. त्याने दिवा मालवला. अंधारात कानाखालची शीर उशीला टेकून ठोके देत होती. तो मोजत होता आणि प्रत्येक ठोक्यानंतर पुढचा येईपर्यंत थांबत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो सरांच्या खोलीत गेला. सर चांगले होते. त्याच्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी दोनदा फोन केला होता, हे तो विसरला नव्हता आणि सरही विसरले नव्हते. "ये, आजोबा ये. आणलंस पान?"

"सर, शून्य जुळत नाही."

"कुठे?"

"सात, आठ, नऊला. सर, ते जुनं शून्य घेताना..."

"थांब." सरांनी तळहात वर केला. त्यांचा आवाज होता तसाच मऊ राहिला. "पुढचं वाक्य बोलायच्या आधी नीट विचार कर. कारण तू ते बोललास की ते माझ्या कानावर पडलेलं असेल. मग मला ते दोन जुन्या विद्यार्थ्यांना कळवावं लागेल, त्यांच्या पदव्यांचं काय ते बघावं लागेल. एकाला गेल्या महिन्यात मुलगी झालीय. तुझा प्रबंध परत येईल. तू नवा विषय घेशील, म्हणजे धर आणखी चार वर्षं. अडतीस. बोलायचं असेल तर बोल, मी ऐकायला बसलोय."

खोलीत घड्याळ नव्हतं. तरी त्याला काहीतरी वाजताना ऐकू येत होतं.

"बोलतोस?"

त्याने बोलायला तोंड उघडलं होतं. भाचीचे पडदे मध्ये आले, प्राचार्यांचं 'महोदय' आलं, सर म्हणाले ती कुणाची तरी नवी जन्मलेली मुलगी आली, जिच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. खरं म्हणजे यातलं काहीच आलं नसतं तरी चाललं असतं. त्याला फक्त परत पहिल्या पायरीवर जायचं नव्हतं. "नाही," तो म्हणाला.

"मग मी काय ऐकलं? शून्य जुळत नाही. नट ढिला झाला असेल. थरथरत असेल पंख. पुन्हा घे." सरांनी दुसरी फाइल पुढे ओढली. "नीट घे. पूर्वी जुळत होतं, आताही जुळेल."

शेडमध्ये काका वर्तमानपत्र वाचत होते. तो म्हणाला, "काका, शून्य घ्यायचंय. मी आत जातो. तुम्ही दाबा."

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली, एकदा, दुसऱ्यांदा, जेवढी होते तेवढी. "नट तर घट्ट आहे."

"थरथरतंय जरा."

"मला तर काही दिसत नाही थरथरताना."

"काका."

"बरं बाबा. आम्हाला काय, दाब म्हटलं की दाबायचं." ते उठले. "चपला काढ. काच घाण होते."

काचेचं दार मांजरासारखं वाकून ओलांडावं लागतं. आत गेल्यावर काकांनी बाहेरून खिट्टी सरकवली आणि बाहेरचं जग तोंड हलवणारं, बिनआवाजाचं झालं. बोगद्यात मोटर बंद असतानाही हवा अगदीच मेलेली नसते. लांब नळीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आता बोलणार, म्हणून श्वास घेऊन थांबलंय, तसं कानात भरतं. तो उकिडवा बसला. पंख राखाडी होता, मंद रंगाचा, त्याने हजारदा बघितलेला, पण बाहेरून, आणि वरून कधीच नाही. वरच्या अंगाला, मधल्या भागात, रंग थोडा गुळगुळीत झाला होता. बशीएवढी जागा. त्याने ती पुसायला म्हणून हात नेला आणि हात तिथे बसला. अंगठा कडेला, बोटं मागे. दुसरीकडे कुठे ठेवायचं त्याला सुचलंही नाही. काचेपलीकडे काकांनी आकड्यांचा छोटा पडदा त्याला दिसेल असा वळवून धरला होता. त्याने ठरवलं होतं, कमीजास्त दाबून आकडा जमवायचा. जमवायला वेळ लागेल, घाम येईल, तळहात पुसावा लागेल. दाबावं लागलंच नाही. सातला अडतीस आले. पंख एक अंश कलला, हात त्याच्याबरोबर कलला, एकेचाळीस आले. पडद्यावरचा शेवटचा आकडा स्थिर नव्हता, चाळीस, एकेचाळीस, चाळीस, आत कुणीतरी दार ठोठावत असल्यासारखा. पंख थंड असायला हवा होता. थंड नव्हता. आणि त्याला स्पष्ट जाणवलं की तो जेवढा खाली टेकतोय तेवढंच काहीतरी खालून वर टेकतंय, अगदी तेवढंच, न भांडता, आणि त्या दुसऱ्या ठोक्याला आणि त्याच्या ठोक्याला मेळ नाही. त्याचा धावत होता. दुसरा संथ होता, विचारी, आणि मध्येच एकदा आला नाही. त्याने हात काढला नाही. चाळीस सेकंद म्हणजे फार नसतात. काकांनी काचेवर टकटक केलं, ओठ हलले: धरलंस का? त्याने मान हलवली. धरलंय.

पान गेलं. परीक्षकाची हरकत गेली. तोंडी परीक्षेला सरांनी त्याची ओळख करून देताना चिकाटी हा शब्द चार वेळा वापरला. भावजींनी साहेबांना पेढ्यांऐवजी केक नेला. भाचीने पडदे लावले, दार लावून घेतलं आणि तीन दिवसांनी दिवाणखान्यात परत आली. तिला बंद खोलीत झोप येत नव्हती, सवय मोडली होती. बहीण म्हणाली, येईल हळूहळू. दूरच्या गावच्या कॉलेजात त्याला टेबल मिळालं, नावाची पाटी मिळाली, विद्यार्थी त्याला सर म्हणू लागले. तो चांगलं शिकवायचा. फक्त प्रयोगाच्या तासाला कुणी उपकरणाला टेकून उभं राहिलं की त्याचा आवाज चढायचा, एवढा की पोरं एकमेकांकडे बघायची.

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर त्याला एक फोन आला. टेकडीवर सरांकडे नव्याने काम सुरू केलेली मुलगी होती. आवाज तरतरीत, बोलताना वही उलटल्याचा आवाज. "सर, तुम्हाला त्रास देतेय. आम्ही तुमचंच शून्य वापरतो. मी सहज त्याची कच्ची नोंद उघडली."

"कशाला?"

"सहजच. कुणी उघडत नाही म्हणाले, म्हणून. सर, आठ अंशांवर त्यात लाटा आहेत. बारीक. मोजल्या मी, मिनिटाला एकशे सोळा. आणि सर, त्याच्याखाली अजून एक आहे, फार पुसट, सत्तरची. ती मध्ये मध्ये चुकते. दोन कशा काय असतील?"

खिडकीबाहेर मैदानात कुणीतरी खेळत होतं, शिट्टी वाजली. त्याला म्हणता आलं असतं. सरांच्या खोलीत अर्धं राहिलेलं वाक्य त्याच्याजवळ तयार होतं, दोन वर्षं त्याच क्रमाने तयार होतं. "मोटरची थरथर असेल," तो म्हणाला.

"पण मोटर बंद होती ना, सर? शून्याला?"

"शेजारच्या इमारतीचं काही चालू असेल. हे बघ, कच्च्या नोंदीत असलं खूप दिसतं. सरासरी घे. जातं ते."

 वहीचं पान उलटलं नाही. "बरं, सर," ती म्हणाली.

कुणी काय दिलं ते मांडायचं, तर सरांनी काही दिलं नाही. जे कानावर पडलंच नाही त्याचं त्यांना काय द्यावं लागणार? काकांनी एकच बटण नऊ वर्षांच्या अंतराने दोनदा दाबलं. बहिणीने खोली दिली, भाचीने दार लावून घेऊन मोठं व्हायची वर्षं दिली. त्याने फोन ठेवला तेव्हा उजवा हात टेबलावर टेकवायचा राहिला आणि पुढेही तो कशावर टेकवताना आधी थोडा थांबत असे, एवढंच त्याचं गेलं. आधीच्याचं जे गेलं ते विभागाने न मागताच घेतलं होतं. आणि जिने नियम नसताना, काही बिघडलेलं नसताना, कपाट उघडून आत बघितलं होतं, त्या मुलीने त्या दुपारी नोंद मिटली, सरासरीचा आकडा तक्त्यात भरला, आणि आपल्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या पानावर तारीख घातली.